मेजरच्या ट्रंकेतली पत्रं

युद्धात डोळे गमावलेला मेजर घरी परतला. त्याला भेटायला पलटणीतले मित्र बायकांसह जमले होते.

"खंदकात हिच्या पत्रांवर तर जगलो मी," तो कौतुकाने म्हणाला. "अगं, ट्रंकेतलं एखादं वाचून दाखव ना सगळ्यांना."

बायकोने वाचून वाचून मऊ पडलेला एक कागद काढला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "राजा, आपल्याबद्दल सांगितलंस का रे तुझ्या बायकोला?"

मेजरचा चेहरा पांढराफटक पडला. "पुरे! बंद कर ते."

"असं कसं? तिची अजून गठ्ठाभर आहेत, सगळी वाचणार मी," बायको म्हणाली. "माझी वाचायची तर, अहो, आधी पाकिटं फोडावी लागतील."