खालून वीतभर

"काकू, कात्री लावली नाहीत ना अजून?"

दारात दोन मुलं धापा टाकत उभी होती. उंच होता तो शाळेच्या फुटबॉल संघाचा कप्तान, सगळे त्याला शिडी म्हणायचे. त्याच्या काखेखालून एक चष्मेवाला डोकावत होता. दोघांच्या खिशावर बिल्ला होता, खेळ-खुशाली समितीचा. ही समिती मुलांनी मुलांमधूनच निवडलेली. मैदान आखणं त्यांच्याकडे, आणि कोण गप्प गप्प असतो, कोण डबा न खाता तसाच परत नेतो, याची विचारपूसही त्यांच्याकडेच.

ती शिलाई मशीनवरून उठली. कापायच्या टेबलावर निळ्या कापडाचा तागा पसरला होता, त्यावर खडूने आखलेली पहिली बाही. शनिवारच्या सामन्यासाठी संघाच्या नव्या जर्सी तिच्याकडेच शिवायला आल्या होत्या.

"नुसतं आखलंय. का रे, माप चुकलं?"

"जर्सी नकोत," शिडी म्हणाला. "पडदे शिवून द्या."

"कसले पडदे?"

"कपडे बदलायच्या खोलीत लावायला. तिथे आडोसा म्हणून काही नाही, नुसती लांबच्या लांब खोली. आम्ही दांड्या ठोकल्यात. आता कप्पे करायचेत."

आतल्या खोलीत खाट करकरली आणि गप्प झाली. तिथे तिचा मुलगा पडला होता, पोट दुखतंय म्हणून. हल्ली त्याचं पोट नेमकं सरावाच्या दिवशीच दुखायचं. संघाचा गोलकीपर होता तो. चेंडू यायच्या आधी पोचतो, म्हणायचे सगळे. आता त्याचे हातमोजे खुंटीवर वाळून कडक झाले होते. तिने काही विचारलं नव्हतं. विचारायचं काय? त्याचे शर्ट उसवून सैल करणारी तीच. घरातसुद्धा तो कडी लावून कपडे बदलायला लागला, तेही तिनेच पाहिलं होतं.

"कोणासाठी हे?" तिने आवाज होता होईल तितका साधा ठेवला.

शिडीने आतल्या दाराकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे तिला कळलं.

"सगळ्यांसाठी. मलाही हवाय की. मी शर्ट काढला की पोरं माझ्या बरगड्यांवर बोट ठेवून पाढे म्हणतात. परवा तेराचा झाला."

"मी चष्मा काढून ठेवतो," चष्मेवाला म्हणाला. "मला कोणी दिसत नाही, मग वाटतं मीपण कोणाला दिसत नसेन."

तिला हसू आलं. "सरांना विचारलंत का?"

"विचारलं. म्हणाले, समिती तुमची, कापड तुमचं, हरलात तर तोंडही तुमचंच."

तिने कापडाचं टोक खिडकीकडे धरलं, मागे हात नेला. निळ्यातून पाचही बोटं दिसली.

"हे बघा. एकेरी लावलं तर सगळं दिसणार. दुहेरी घ्यावं लागेल."

"मग उरलेल्यात जर्सी...?"

"उरणारच नाही रे राजा. अख्खा तागा जाईल."

चष्मेवाल्याचं तोंड एवढंसं झालं. शिडी कापडावरून हात फिरवत राहिला. नव्या जर्सीचा हट्ट त्याचाच होता, माप द्यायलाही तोच सगळ्यांच्या आधी धावत आला होता.

"दुहेरीच करा, काकू."

"जुन्या जर्सीत गेल्या वर्षी हरलो होतो," चष्मेवाला पुटपुटला.

"मग यंदा तिला अनुभव आहे."

तिने तळव्याने बाहीची खडूची रेघ पुसून टाकली. टेप उचलली. "उंची सांगा. जमिनीपर्यंत आणू?"

"नको."

तिचा मुलगा दारात उभा होता. केस विस्कटलेले. पोटावरचा शर्ट चिमटीत धरून पुढे ओढलेला, नेहमीसारखा.

"खालून वीतभर सोड. पाय दिसले पाहिजेत. नाहीतर आत कोणी आहे हेच कळणार नाही, आणि कोणीतरी येऊन फटकन पडदा ओढेल."

"हे बैठकीत एकालाही सुचलं नाही," शिडी म्हणाला. "एवढी डोकी होती तिथे."

"पोट कसंय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"बरंय."

"किती बरं?"

मुलाने उलट त्यालाच विचारलं, "पडदे कधी लागणार?"

"गुरुवारी. सरावाच्या आधी."

"उद्याच नेऊन लावा," ती म्हणाली. "धर रे ते टोक."

त्याने टोक धरलं. शर्ट चिमटीतून सुटला, तो त्याने पुन्हा ओढला नाही. दुसरं टोक शिडीने धरलं, मधला झोळ चष्मेवाल्याने सावरला. एरवी कापण्याआधी दोनदा मापणारी बाई, पण आज तिने एका दमात कात्री सरसर पार नेली. मान मात्र वर केली नाही. त्या तिघांकडे एकदा पाहिलं असतं तर कात्री नक्की वाकडी गेली असती.

दोघं गेल्यावर मुलगा आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात त्याची जुनी जर्सी होती. ती त्याने मशीनवर, तिच्या पुढ्यात ठेवली.

"आई, ही पोटाला घट्ट होते. सैल करशील?"

तिने जर्सी उलटी केली. दोन्ही कुशींना, शिवणीच्या आत, दोन दोन बोटं कापड दुमडलेलं होतं. गेल्या वर्षी शिवतानाच तिने ते ठेवलं होतं.