ताबा

सुभद्राबाई नवागामच्या घरात एकट्याच राहायच्या. त्या घरातला त्यांचा हिस्सा आपल्या नावावर करून घ्यायला इच्छापोरला राहणारा मुलगा ललित त्यांना तिसऱ्यांदा वकिलाकडे घेऊन आला होता. सही झाली की दुपारच्या गाडीने त्यांना धुळ्याला, लेकीकडे पाठवायचं त्याने ठरवलं होतं.

कागद चाळून वकील म्हणाला, “या घराचा नोंदणी केलेला दस्तावेज झालेलाच नाही, नुसती नोटरी आहे. नावावर काय करणार? जो राहतो, त्याचा ताबा.”

“तठे ते मीच ऱ्हास,” सुभद्राबाई हळूच म्हणाल्या.

ललितने कागद गोळा केले. बाहेर येऊन त्याने स्टेशनसाठी रिक्षा थांबवली.

“माय, बस लवकर. गाडी चुकेल.”

“चुकू दे रे भाऊ. माले मन्हा घर जाईसन जरा आडं पडनं शे.”