आई यायच्या आत

“बाबा, कुठे आहेस तू?” खुर्चीवाल्याच्या घोगऱ्या आवाजात त्याची दहा वर्षांची मुलगी ओरडली.

“इथेच आहे,” तिच्या किनऱ्या आवाजात तो म्हणाला.

क्षणापूर्वी दोघं मिळून खुर्चीच्या बैठकीतून वेताची पट्टी ओढत होते. तो वरून, ती खालून. पट्टी तटकन तुटली आणि बाप मुलीच्या अंगात गेला, मुलगी बापाच्या. असं काही कुणी सांगितलं असतं तर खुर्चीवाल्याने त्याला वेड्यात काढलं असतं. आता तोच फ्रॉक घालून फरशीवर बसला होता आणि समोर मिशीवाली मुंगी हवेत हात मारत होती. मुंगी हे तिचं घरातलं नाव, आणि ते आता तिला अजिबात शोभत नव्हतं.

“बाबा, बोल ना. कसं वाटतंय?”

खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. त्याने आपला हात, म्हणजे तिचा हात, उन्हात धरला आणि एकेक बोट हलवून पाहिलं.

“बाप रे,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मुंगीचं ओरडणं एकदम थांबलं. मग ती बोलली ती अगदी पोक्तपणे. “असं कर, नवी पट्टी भिजत घाल. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत येऊ. पण ती मऊ व्हायला वेळ लागणार. तोवर तू शाळेत जा. आज माझी वाचनाची परीक्षा आहे.”

“आणि तू?”

“मी इथेच बसून खुर्ची विणते. तेवढी बादली वाटेतून उचल.”

“सहाला तुझी आई येईल,” तो म्हणाला. “तिला कळलं तर दोघांचीही खैर नाही. त्याच्या आत सगळं जागच्या जागी पाहिजे.”

“हो रे बाबा. निघ आता.”

जिन्यावर त्याची फजितीच झाली. पायऱ्या नुसत्या अंगावर येत होत्या. शेवटी त्याने डोळे घट्ट मिटले आणि धडाधड खाली उतरला. काय ते दहा वर्षांचे गुडघे! एकदाही कुरकुरले नाहीत.

शाळेत पोचायला त्याला पाऊण तास लागला. दहा मिनिटांची वाट. पण एका भिंतीवर मुंग्यांची रांग होती, तिथे तो थांबला. पुढे एका दुकानाच्या काचेत मुंगीचा चेहरा दिसला, तिथे तर त्याचा पायच निघेना. नाकाला हात लावून पाहिला, मग गालाला, मग कानाला. दुकानदार आतून म्हणाला, “छान दिसतेस हो! आता शाळेत जा.”

बाईंनी त्याला उभं केलं. त्याने पुस्तक उघडलं. पानावरचं एक अक्षर त्याला लागेल तर शपथ! पण रोज संध्याकाळी मुंगी त्याला धडे वाचून दाखवायची. तो सगळा धडा त्याने एका दमात म्हटला, कुठे अडखळला नाही.

“वा,” बाई म्हणाल्या. “एकही चूक नाही. पण पुस्तक उलटं धरलंयस.”

वर्ग खो खो हसला. खुर्चीवालाही हसला, कारण हसताना ते सगळे इतके वेगवेगळे दिसत होते की त्याला राहवेना.

परतताना एक रंगारी फाटक रंगवत होता. खुर्चीवाला त्याच्यासमोर उभा राहिला तो राहिलाच.

“काका, हा रंग कुठला म्हणायचा?”

“मालक म्हणतात पोपटी, मालकीणबाई म्हणतात शेवाळी. सकाळपासून भांडताहेत. तूच सांग बघू.”

“मला नाही सांगता यायचं.”

“हुशार आहेस,” रंगारी म्हणाला.

कुठेतरी पाचाचे ठोके पडले. परत गेलोच नाही तर, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने जीभ चावली. पोरीच्या वाट्याचं आपण किती खाणार? त्याची त्यालाच लाज वाटली. तो पळत सुटला.

घरी मुंगी त्याच जागी बसली होती. मांडीवरची खुर्ची विणून झाली होती, फक्त एक पट्टी घालायची बाकी होती.

“बाबा, तुझ्या हातांना सगळं येतं!” ती कुजबुजली. “मी काहीच केलं नाही. बोटं आपापली भोकं शोधत गेली. मी नुसती थक्क होऊन बसले.”

“पट्टी भिजली का?”

“ती तू गेल्यावर थोड्याच वेळात भिजली.”

“मग शाळा सुटल्यावर तरी लवकर ये म्हणायचंस! मी मेला गावभर भटकतोय.”

“म्हटलं, भटकू दे,” मुंगी म्हणाली.

दोघांनी पट्टीची टोकं धरली. तो वरून, ती खालून. सहाला पाच मिनिटं कमी होती.

“चल, ओढ.”

तिने ओढली नाही. जिन्यावर पावलं वाजली. ही पावलं त्याने हजारांत ओळखली असती.

“मुंगे, ओढ! आई आली!”

“थांब जरा.”

“अगं, बिंग फुटेल आपलं!”

“फुटू दे,” मुंगी म्हणाली. “दाराकडे तोंड कर.”

दार उघडलं. दिवसभर छापखान्यात पुस्तकं बांधून दमलेली ती आत आली. तिचे केस विस्कटले होते, गालावर शाईचा डाग होता, आणि पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढला होता.

“काय गं,” पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, “अशी टक लावून काय बघतेस? मी काय नवीन आहे?”

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि जन्मांध खुर्चीवाला आपल्या बायकोला पहिल्यांदाच पाहत होता.