प्रवाह आहे

डॉक्टरांनी ठमीच्या पोटावर जेल लावलं, यंत्राची दांडी टेकवली आणि मिनिटभरात उचललीही. "मस्त वाहतंय रक्त."

"हा तो आवाज नाही," खाटेजवळ उभी असलेली आत्या म्हणाली.

तीन वर्षांच्या ठमीला आईच्या यकृताचा तुकडा बसवून आज पाचवा दिवस. आई खालच्या मजल्यावर, पोटाला टाके घेऊन पडलेली. त्या तुकड्यात रक्त पोचतंय ना, हे सकाळ-संध्याकाळ यंत्र लावून ऐकायचं, असा नेम. आत्याने एकही वेळ चुकवली नव्हती.

"रोज ठोके पडायचे. दारावर कुणी थाप मारावी तसे. आज नुसती नळाची धार."

"मावशी, तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलात?"

"मी आत्या आहे हिची. आणि कान देवानं दिलेत, फी न घेता."

डॉक्टर हसले. तक्त्यावर लिहिलं, 'धमनी : प्रवाह आहे', आणि तक्ता सिस्टरपुढे सरकवला. "करा सही. अजून चार पेशंट बाकी आहेत माझे."

सिस्टरने पेनाला टोपण लावलं. "धार शिरेची असते, साहेब. धमनी ठोके देते. तुम्ही शेजारच्या घरी डोकावून परत आलात. मी नाही सही करत." तिने सरळ सर्जनना फोन लावला.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर लावू दिला असता?"

सर्जन धावतच आले. दहा मिनिटं दांडी तसूतसूने सरकवत राहिले. धार होती. ठोका कुठेच नव्हता.

"धमनीत गुठळी अडकलीय. थिएटर उघडायला सांगा, आत्ता. संध्याकाळच्या तपासणीपर्यंत थांबलो असतो तर यकृत हातचं गेलं असतं."

खाट ढकलत सर्जन आणि सिस्टर निघाले. चाकं दाराच्या उंबऱ्यावर खडखडली. ठमीने एकदा "आत्तू" म्हणून हाक मारली आणि दार मिटलं.

डॉक्टर मागे राहिले होते. त्यांनी तक्ता ओढून घेतला आणि 'आहे' या शब्दावर पेन टेकवलं.

आत्याने कागदावर तळवा ठेवला. आवाज चढवला नाही.

"खाडाखोड नको. चला खाली. हिच्या आईला हे आहे तसं वाचून दाखवा."