न मागितलेला फोटो

"अजून जरा आत व्हा. कमरेपर्यंत. हां... आता थोडं उदास दिसा."

भरतीचा वास सुटला की तो आवाज नेई आरोमिताच्या, म्हणजे आरोमिताबाईंच्या, कानात अजून उठतो. मोठ्या उधाणाच्या वर्षी आलेल्या त्या गोऱ्या फोटोवाल्याचा चेहरा ती कधीच विसरली. आवाज तेवढा मागे राहिला. त्यानं मागितलं, आणि कुणी तोंडानं मागितलेलं नाकारायचं नाही ही प्रशांत महासागरातल्या किरिबास बेटांची रीत, म्हणून ती पाण्यात उभी राहिली. शेजारी खिदळत डुंबणारी पोरं त्यानं बाजूला हाकलली. पुढे ऑकलंडहून भावानं तो छापलेला फोटो धाडला. खाली लिहिलं होतं : हिचं सगळं बुडालं. फोटो काढला त्या संध्याकाळी तर तिच्या घरी मेजवानी होती!

तेव्हापासून गावात तिचं नावच पडलं, बुडालेली.

आणि आता ही मॉर्ना. न्यूझीलंडहून आलेली, तीही फोटोवालीच. गावात येऊन राहिली, मोडकंतोडकं बोलायला शिकली, बायकांबरोबर चटया विणू लागली. कॅमेरा मात्र पिशवीतच. एक फोटो म्हणून मागत नाही.

"मागत नाही म्हणजे काहीतरी मोठं मागायचं असणार," आरोमिता मनाशी म्हणे. मॉर्नाची नजर घरामागच्या झावळ्यांच्या कुंपणाकडे वळली की ती मुद्दाम आडवी येऊन उभी राही. कुंपणाआड बाबाईचा खड्डा होता. बाबाई म्हणजे अळवाच्याच जातीची, पण माणसाला झाकतील एवढी पानं आणि खाली खायचा कंद. जमिनीखालच्या गोड्या पाण्यापर्यंत खणायचं आणि तिथं ती लेकरासारखी वाढवायची. कुणाच्या खड्ड्यात कुणी डोकावायचं नसतं. हा तर तिच्या बापाचा खड्डा, त्याची विद्या एकट्या तिच्याकडे. नवऱ्यालाही आत पाऊल टाकायची मुभा नव्हती.

आज उतरत्या उन्हात तिघी मचाणावर मासे साफ करत बसल्या होत्या. शेजारची रुतिआना खवले उडवत म्हणाली, "काय गं बुडालेले, यंदा तरी सभाघरातल्या जेवणाला तुझी बाबाई येणार का? गेल्या वर्षी तांदळावर भागवलंस. तुझा बाप दोघांनी उचलावी लागेल अशी बाबाई आणायचा."

"वाढतेय अजून."

"वाढतेय की काय करतेय! एवढ्यात तर माझी सून बाळंत होऊन पुन्हा गरोदर राहिली."

मॉर्ना मान खाली घालून मासा चिरत राहिली. कुंपणाकडे तिनं पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. ते न पाहणं आरोमिताला सुईसारखं टोचलं. हिला कळलंय!

"मॉर्ना," ती एकदम म्हणाली, "तुझा कॅमेरा मला दे."

रुतिआनाची सुरी थांबली. मॉर्नाचा चेहरा उतरला. तिनं हात धुतले, पदराला पुसावेत तसे लुंगीच्या टोकाला पुसले, पिशवी उघडली आणि पट्ट्यासकट कॅमेरा आरोमिताच्या मांडीवर ठेवला.

"अगं बाई, दिलास?" रुतिआना हसली. "आता खाशील काय?"

"उद्या तुमच्याकडे जेवायला मागीन," मॉर्ना म्हणाली. "तुम्हाला तरी कुठं नाही म्हणता येणार आहे?"

रुतिआना खो खो हसली. आरोमिता हसली नाही.

"घरी दुसरा असेल तुझ्या."

"नाही, नेई. एकच आहे."

"मग इतके दिवस माझा फोटो का नाही मागितलास?"

मॉर्नाला शब्द जुळवायला वेळ लागला. "मागितला असता तर तुम्हाला द्यावा लागला असता."

वर माडाच्या शेंड्यावर आरोमिताचा नवरा बाउरो माडी उतरवायला चढला होता. त्याचं गाणं झावळ्यांतून गळत खाली येत होतं : लाटे गं लाटे, दारापाशी ये, दारापाशी ये पण उंबरा नको शिवू. आरोमिता ते संपेपर्यंत बसून राहिली. उन्हानं तापलेला कॅमेरा मांडीवर जड झाला होता.

मग कॅमेरा गळ्यात अडकवून ती उठली. "तू नको," रुतिआनाला म्हणाली. आणि मॉर्नाला, "चल."

कुंपणाची झावळी तिनं स्वतः बाजूला सारली. मॉर्ना बाहेरच थबकली, तसं तिनं मनगट धरून तिला आत घेतलं.

खड्ड्यात एकही पान उभं नव्हतं. देठ काळे पडून चिखलात निजले होते, आणि मधोमध साचलेल्या पाण्यात आभाळ स्वच्छ दिसत होतं. एका कडेला ताजं खत घातलेलं होतं, मेलेल्या मुळाशी, नेटानं, बापानं शिकवलं तसं.

"चाख," आरोमिता म्हणाली.

मॉर्ना वाकली, बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं.

"समुद्र दारातून आला असता तर गावानं पाहिला असता. हा खालून आला." आरोमिता म्हणाली. "दोन वर्षं मी वाढतेय, वाढतेय म्हणते. बाउरोलासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या माणसाचा फोटो खरा झाला असता ना गं."

गाणं थांबलं होतं. बाउरो माडावरून खाली उतरत असावा.

तिनं गळ्यातला कॅमेरा काढून मॉर्नाच्या हातात दिला, आणि पाण्यात न उतरता खड्ड्याच्या काठावर, कोरड्या पायांनी उभी राहिली.

"काढ आता. फक्त उदास दिसा असं म्हणू नकोस. ते सांगायची गरज नाही."