चतुर्दशीचं उप्पीट

"गुणमाला, या घरातला चतुर्दशीचा उपवास मोडायचा न्हाई. मी गेल्यावर बी."

सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली, तरी दर चतुर्दशीला पहाटे तो आवाज गुणमालाच्या कानात उठायचा. आजही उठला. सांगलीच्या दवाखान्यात छातीतल्या गाठीवर किरणांची अठरावी पाळी होती. पाण्याचा घोटही न घेता ती मशीनखाली झोपून आली.

बाहेर डॉक्टर राजेश्वरींनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. पाच किलो उतरलं होतं. छातीवरची कातडी काळवंडून सोलवटली होती.

"काकी, ही किरणं पेशीच्या आतले धागे तोडतात. आजारी पेशींचे तोडतात, तसे चांगल्यांचेही. पण चांगल्या पेशी उद्यापर्यंत पुष्कळसं सांधून ठेवतात. आजारी पेशींना ते नीट जमत नाही. म्हणून तर रोज थोडं थोडं देतो. तुम्ही सांधणाऱ्यांनाच उपाशी ठेवलंत, तर मला मध्येच थांबावं लागेल. आणि मी थांबले, की गाठीचं फावेल."

बाकावर येऊन बसल्यावर तिच्या नवऱ्यानं, जवाहरनं, डबा उघडला. पहाटे त्यानंच ढवळलेलं बिनकांद्याचं उप्पीट. बुडाला लागलेलं.

"खा."

"आत्याबाईंना शब्द दिलाय, तुमच्या आईला." तिचे डोळे भरून आले.

"आईनं घराचा उपवास सांगितला. घरात मी न्हाई व्हय? सकाळधरनं माझ्याबी पोटात काय न्हाई. आजपासनं चतुर्दशी माझी."

रडता रडता तिला हसू फुटलं. "तुमी? एक चहा चुकला तर म्हशीवर खेकसताय! आन् दुसऱ्याच्या उपवासानं आपली कर्मं झडत न्हाईत."

"तुझी कर्मं तू बरी झाल्यावर झाड. आईचा शब्द तेवढा मी राखतो."

गुणमालानं हात जोडले. मनात णमोकार मंत्र म्हटला आणि करपलेला पहिला घास तोंडात घातला. आत कुठंतरी कुणी सांधायच्या कामाला बसलं असेल, असं तिला वाटलं.

घास गिळलेला बघूनच जवाहर उठला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. तिनं दहादा टोचल्याशिवाय तो कधी मंदिराची पायरी चढला नव्हता. आता आपणहून तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडला, आणि एकटाच, मंदिरात देवापुढं चतुर्दशीचा नेम घ्यायला निघाला.