अर्ध्यावरचा काटा

केवलरामने डिकीत वाकून टाकीवरचा शेवटचा स्क्रू काढला आणि आतला फ्लोट बाहेर ओढला. पेट्रोलवर तरंगणारी पितळी डबी, तिला जोडलेली वाकडी दांडी. दांडी सांध्याशी गंजून अडकली होती. वर जात नव्हती, खाली जात नव्हती.

"दादा, इकडं ये. पाह्य."

उदाराम पुढच्या सीटवरून उतरून मागे आला. दोघा भावांनी दांडी बघितली.

"रोग इथं होता," केवलराम म्हणाला. "आन् आपण इतके साल पुढची तार पुसून राहिलो."

"टाकी खोलाले बाबूजी नाही म्हणत."

"बाबूजी आता कुठं आहेत?"

उदारामने अडकलेली दांडी बोटाने ढकलून बघितली.

फियाट बाबूजींची होती. वाटणीत धानाच्या शेतातल्या बांध्या दोघांकडे गेल्या, विहिरीवर पाण्याच्या दोन मोटारी बसल्या, अंगणातून भिंत आली. गाडी कापता येत नव्हती. म्हणून ती एक आठवडा भिंतीच्या या बाजूला, एक आठवडा त्या बाजूला. दर रविवारी गाडी अंगण बदले. टाकीत काहीही असो, पेट्रोलचा काटा अर्ध्यावर असे. मग एकाने आत बसून काट्याकडे बघायचं, दुसऱ्याने तार सोडवून पुसायची, परत जोडायची, आणि शेवटी बांबूची कमची टाकीत घालून पेट्रोल मोजायचं. यात सकाळ जाई. पुढच्या रविवारपर्यंत दोघांत बोलणं नसे.

आज मात्र काटा दुरुस्त व्हायलाच हवा होता. रायपूरचा एक माणूस दुपारी येणार होता. त्याला जुनी गाडी विकत घेऊन वरातीसाठी भाड्याने द्यायची होती. केवलरामच्या मुलाने, हिमांशूने, फोनवर सगळं सांगितलं होतं. इंजिन चालतं, दिवे लागतात, हॉर्न वाजतो. "और काँटा?" त्या माणसाने विचारलं होतं. नवरदेव घेऊन गाडी रस्त्यात बंद पडली तर लोक मला मारतील, म्हणाला. काटा चालत असेल तर आजच घेऊन जातो, नाहीतर तुमच्या सडक अर्जुनी गावापर्यंत कशाला येऊ.

उदारामची बायको वच्छला चहा घेऊन आली. दिराच्या हातात तिने कप दिला, नवऱ्याचा बोनेटवर ठेवला.

"पिऊन घ्या भाऊजी. गाडी गेल्यावर या दारी कायले येता तुम्ही?"

"असं कसं, वहिनी. शेजारीच तं आहो."

"शेजारी तं आताही आहा. मागच्या महिन्यात तुमचे दादा तापानं पडले होते. आले का पाहाले?"

"मले सांगतलंच नाही कोणी."

"भिंत सांगल का?" वच्छला म्हणाली. "जाऊ द्या. पुढची भेट मयतीत. कोणाच्या, थे मात्र मले नका विचारू."

केवलराम हसला. उदाराम हसला नाही. तो चहा फुंकत राहिला. चहा केव्हाच निवला होता.

केवलरामने पॉलिश पेपरने सांधा घासला, तेलाचे थेंब सोडले, दांडी वरखाली केली. आधी ती कुरकुरली, मग सैल झाली. त्याने तार जोडली.

"जा दादा, बस. किल्ली दे. मी डबी वर करतो, काटा काय करते थे सांगजो."

उदाराम जाऊन बसला. डिकीचं झाकण उघडं होतं, त्यामुळे मागच्या काचेतून भाऊ दिसत नव्हता. त्याने किल्ली फिरवली.

"केलो वर. आला का?"

काटा थरथरला. तळावरून निघून अर्ध्यावर न अडकता सावकाश चढत गेला. शेवटच्या रेघेवर जाऊन थांबला. उदारामने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"दादा?"

"आधाच आहे."

"नीट पाह्य ना."

"पाहूनच राहिलो. हालला नाही."



"खाली करतो आता."

काटा उतरला, अगदी तळाला टेकला.

"आता कुठं आहे?"

"आधा."

"असं कसं?"

"मले काय मालूम. जुनी गाडी आहे."

केवलरामने डबी परत वर केली आणि दांडी सुतळीने वरच बांधून टाकली. सुतळी तोडल्याचा आवाज उदारामला ऐकू आला. समोर काटा पुन्हा चढू लागला होता. मग पावलं वाजली. किल्ली त्याच्या बोटांजवळ होती. बंद केली असती तर काटा पडला असता, पण त्याने ती फिरवली नाही.

केवलराम खिडकीशी आला. कोपर खिडकीवर टेकवून तो आत वाकला. काटा भरलेल्या टाकीची रेघ दाखवत होता. उदाराम समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत होता. केवलरामने आधी काट्याकडे बघितलं, मग भावाच्या तोंडाकडे. हाताचं तेल त्याने पँटला पुसलं.

"आधाच आहे," तो म्हणाला.

"मी का म्हणत होतो मंग."

"हिमांशूले सांगतो, त्या रायपूरवाल्याले फोन करून दे म्हणून." त्याने उरलेला सुतळीचा तुकडा खिशात टाकला. "तारेतच काही असल. पुढच्या आयतवारी पाहू."

"पाहू."

उदारामने किल्ली बंद केली. काटा वरून निघाला, सावकाश अर्ध्यावर आला आणि तिथे न थांबता खाली गेला. तो तळाला टेकेपर्यंत दोघे भाऊ त्याच्याकडे बघत राहिले.